मुलगी धावते, पण मापात बसत नाही

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): मी दारव्हा तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी आहे. माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत शिकते. तिचे वय बारा वर्षे तीन महिने आहे. यंदा चौदा वर्षांखालील गटात ६०० मीटर धावण्यात ती तालुक्यात पहिली आणि जिल्ह्यात दुसरी आली. त्यानंतर एका निवासी क्रीडा संस्थेच्या निवड चाचणीला आम्ही पहाटे एसटीने निघून दुपारी पोहोचलो. तिथे शिंप्याच्या टेपने तिची उंची १४१ सेंटिमीटर भरली, वजन ३१ किलो भरले. दंडाला आणि पाठीला चिमट्यासारखे काहीतरी लावून पाहिले. सगळ्यांसमोर आकडे मोठ्याने वाचले आणि सांगितले, की उंची कमी आहे आणि बीएमआय १५.६ आहे, तो १८.५ च्या वर हवा, म्हणून यंदा जमणार नाही. तिला धावायला लावलेच नाही. तेव्हापासून ती मैदानावर जात नाही. गावात लोक म्हणतात, 'पोट्टी पयते त वाऱ्यावानी, पन मापात बसत नाही.' माझी उंची १६३ सेंटिमीटर आहे, तिच्या आईची १५०. उंची वाढवणारी पावडर आणावी का, तिला रोज बारला लटकायला लावावे का, की हा नाद सोडून अभ्यासाकडे लक्ष द्यायला सांगावे? – एक वडील

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पत्रात आकडे दिलेत, हे फार बरे केलेत, कारण त्या आकड्यांवरूनच तुमच्या मुलीला नाकारण्याचे कारण टिकत नाही, हे दाखवता येते. सगळ्यात आधी बीएमआयबद्दल, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्याबद्दल. १८.५ ही मर्यादा प्रौढ माणसांसाठी आहे. वाढत्या वयातील मुलांना ती लावतच नाहीत. त्यांच्यासाठी वय आणि लिंग यांनुसार वेगळे तक्ते असतात. जागतिक आरोग्य संघटनेने पाच ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी २००७ मध्ये असे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार बारा वर्षांच्या मुलीचा बीएमआय साधारण साडेचौदाच्या खाली गेला, तर तिला कृश समजतात. तुमच्या मुलीचा १५.६ आहे. ती सडपातळ आहे, पण सामान्य मर्यादेत आहे. उंचीचेही तसेच: १४१ सेंटिमीटर ही तिच्या वयाच्या भारतीय मुलींच्या सरासरीपेक्षा कमी असली, तरी मर्यादेबाहेरची नाही.

हा बीएमआय मुळात खेळाडू निवडण्यासाठी जन्मलाच नव्हता. आदोल्फ केतले या बेल्जियन गणितज्ञाने १८३५ मध्ये मोठ्या लोकसमूहांच्या मापांचा अभ्यास करताना असे मांडले, की प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव त्याला अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९७२ मध्ये दिले. पहिलवानाचे स्नायू आणि दुकानाच्या गादीवर बसून वाढलेले पोट यांतला फरक या भागाकाराला कळत नाही. लोकसमूहाच्या आरोग्याचा ढोबळ अंदाज घेण्यासाठी तो उपयोगी आहे, एकट्या मुलीला मैदानाबाहेर काढण्यासाठी नाही.

आता माप कसे घेतले गेले, ते पाहू. तुम्ही कापूस पिकवता, तेव्हा हे तुम्हाला वेगळे सांगायला नको: पहाटेच्या दवाने ओला झालेला कापूस काट्यावर जास्त भरतो आणि उन्हात वाळलेला तोच कापूस कमी भरतो. माणसाच्या उंचीचेही असेच आहे. रात्रभर आडवे झोपल्याने पाठीच्या मणक्यांमधील चकत्या फुगतात आणि दिवसभर बसून-उभे राहून त्या दबतात, त्यामुळे सकाळच्या आणि संध्याकाळच्या उंचीत एखाद्या सेंटिमीटरचा फरक सहज पडतो, कधी त्याहून थोडा जास्तही. पहाटेपासून दुपारपर्यंत एसटीत बसून आलेल्या मुलीची उंची कापडी टेपने घेतली, तर तो आकडा तिच्याबद्दल जितके सांगतो, तितकेच तो प्रवासाबद्दल आणि टेपबद्दल सांगतो. जुनी कापडी टेप वापरून ताणली जाते, आणि ताणलेल्या टेपने उंची कमीच भरते.

शरीराची मापे आणि शरीराची हालचाल यांच्यातील नाते अभ्यासणारे किनअँथ्रोपोमेट्री नावाचे एक शास्त्र आहे. १९८६ मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि कुठले माप शरीरावर नेमके कुठे, कुठल्या साधनाने आणि कितीदा घ्यायचे, याचे नियम तिने घालून दिले. प्रत्येक माप किमान दोनदा घ्यायचे आणि दोन्हींत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला, तर तिसऱ्यांदा घ्यायचे, हा त्यांतला साधा नियम. तुमच्या मुलीच्या दंडाला आणि पाठीला लावलेला चिमटा त्वचेखालच्या चरबीची जाडी मोजण्याचा असतो. त्याचा दाब सतत सारखा, दर चौरस मिलिमीटरला दहा ग्रॅम, राहावा लागतो आणि तो लावल्यावर दोन सेकंदांनी आकडा वाचायचा असतो. घाईघाईने लावलेल्या चिमट्याच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. मुलीची अशी मापे घेताना शक्यतो स्त्रीने ती घ्यावीत, मुलीला आधी विचारावे, आडोसा असावा, सोबत तिच्या विश्वासाचे माणूस असावे आणि आकडे फक्त तिला व पालकांना सांगावेत, हे या कामातले शिष्टाचार आहेत. सगळ्यांसमोर आकडे मोठ्याने वाचणे ही चूक होती, आणि माझ्या मते त्या दिवशी झालेल्या चुकांपैकी तीच सर्वांत मोठी होती. मुलगी मैदानावर जात नाही, ती उंचीमुळे नव्हे.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मात्र तुमच्याही नजरेतून सुटली आहे. चौदा वर्षांखालच्या गटात तुमची बारा वर्षांची मुलगी तिच्याहून दीड-पावणेदोन वर्षांनी मोठ्या मुलींबरोबर धावली आणि जिल्ह्यात दुसरी आली. या वयात दीड वर्ष म्हणजे थोडेथोडके अंतर नव्हे. वयोगट ठरवण्यासाठी एक तारीख धरली जाते. त्या तारखेच्या जवळ जन्मलेल्या आणि दूर जन्मलेल्या मुलांमध्ये जवळजवळ वर्षाचा फरक असूनही ती एकाच रांगेत उभी राहतात, आणि मग वयाने मोठे असण्याला लोक गुणवत्ता समजतात. कॅनडात, जिथे ही तारीख एक जानेवारी धरतात, आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या गेल्या, तेव्हा निवडलेल्यांमध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचे प्रमाण खूपच जास्त निघाले होते. (आपल्या पिढीतील अनेकांची शाळेतली जन्मतारीख एक जून असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मुलीची तारीख जन्मदाखल्याप्रमाणेच असेल, तर तो दाखला जपून ठेवा. पुढे प्रत्येक चाचणीला लागेल.)

जन्मतारखेचे वय एक आणि शरीराचे वय दुसरे. मुलींमध्ये उंची सर्वांत वेगाने वाढण्याचा काळ साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास, पण एकीला तो दहाव्या वर्षी येतो, तर दुसरीला चौदाव्या. त्याआधी मुलगी वर्षाला पाचेक सेंटिमीटर वाढते आणि ऐन वाढीच्या काळात आठेक सेंटिमीटर. पाळी सहसा हा वेगाचा काळ उलटून गेल्यावर, साधारण वर्षभराने येते, आणि त्यानंतर बहुतेक मुली आणखी पाच-सात सेंटिमीटर वाढतात. तुमच्या मुलीची पाळी सुरू झाली आहे की नाही, हे पत्रात नाही, आणि ते तुम्ही लिहावे अशी अपेक्षाही नाही. तिच्या आईला मात्र ते ठाऊक असेल. आईची स्वतःची पाळी उशिरा सुरू झाली असेल, तर मुलीचीही उशिरा सुरू होण्याची शक्यता जास्त असते. ती अजून सुरू झाली नसेल, तर तिच्या वाढीचा मोठा भाग पुढेच आहे. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

आईवडिलांच्या उंचीवरून मुलीच्या उंचीचा अंदाज बांधण्याची जुनी रीत अशी: दोघांच्या उंचीची बेरीज करून त्यातून तेरा वजा करायचे आणि दोनने भागायचे. तुमच्या घरी ते १५० येते, आणि आठ-साडेआठ सेंटिमीटर इकडेतिकडे धरायचे असतात. म्हणजे ती फार उंच होणार नाही, हे मला तुम्हाला सांगितलेच पाहिजे.

पण धावण्यासाठी ती उंच व्हायला हवी, असे कुणी म्हटले? १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ब्रिटिश डॉक्टर जेम्स टॅनर यांनी मैदानी खेळाडूंची मापे घेतली, तेव्हा प्रत्येक प्रकारातील खेळाडूंची शरीरे वेगवेगळ्या घडणीची आढळली: गोळाफेकीची वेगळी, उंच उडीची वेगळी, लांब पल्ल्याच्या धावण्याची वेगळी. लांब पल्ल्यात हलके शरीर कामाला येते, कारण प्रत्येक पावलाला स्वतःचेच वजन उचलायचे असते, आणि वजनाच्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग जास्त असल्याने लहान चणीचे शरीर उष्णताही लवकर बाहेर टाकते. इथिओपियाचा हेले गेब्रसेलासी साधारण १६५ सेंटिमीटर उंच, म्हणजे तुमच्याहून जेमतेम दोन सेंटिमीटर जास्त, आणि त्याने १९९६ व २००० अशा दोन ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. शंभर मीटरमध्ये १९५ सेंटिमीटर उंचीच्या उसेन बोल्टने २००९ मध्ये ९.५८ सेकंदांचा विक्रम केला, म्हणून सगळे उंच पोरे शोधू लागले. मग टोकियोत २०२१ मध्ये साधारण १७२ सेंटिमीटर उंचीच्या चीनच्या सू बिंगत्यानने उपांत्य फेरीत ९.८३ सेकंद नोंदवले. उंचीचा फायदा नसतो असे मी म्हणत नाही. बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉलमध्ये तो उघड आहे. पण ६०० मीटर धावणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला, तिला एकदाही धावायला न लावता, उंचीवरून परत पाठवणे हे मापनही नव्हे आणि निवडही नव्हे. शिवाय ऑलिंपिकमधली मापे पूर्ण वाढ झालेल्या विजेत्यांची आहेत. त्यांची सरासरी काढून सातवीतल्या मुलीला त्या साच्यात बसवून पाहणे, हा बियाण्याला बोंडाच्या वजनावरून नाकारण्याचा प्रकार झाला.

मी हे दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक असताना एका तेरा वर्षांच्या मुलाला केवळ उंचीवरून कबड्डीच्या संघातून वगळले होते. पुढच्या दोन वर्षांत तो अकरा सेंटिमीटर वाढला. मी त्याला पुन्हा बोलावले, तेव्हा तो मैदान सोडून गेलेला होता आणि परत आला नाही.

मापे निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष यातून काढू नका. एकदा घेतलेले माप निरुपयोगी असते. त्याच माणसाने, त्याच वेळी, त्याच पद्धतीने वर्षभर घेतलेली मापे फार बोलकी असतात. मुलाची उंची वर्षानुवर्षे मोजून ठेवल्याची सर्वांत जुनी ज्ञात नोंद एका फ्रेंच बापाची आहे. मोंबेयार नावाच्या त्या गृहस्थाने १७५९ पासून १७७७ पर्यंत, म्हणजे जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत, आपल्या मुलाची उंची नियमाने मोजली, आणि वाढीचा अभ्यास करणारे आजही ती वापरतात. तुम्हीही घरी तेच करू शकता.

ज्या भिंतीला खालून पट्टी किंवा फुगवटा नाही आणि जिच्यापुढची जमीन सपाट आहे, अशी भिंत निवडा. मातीची नको, सिमेंटची घ्या. सुताराची पोलादी टेप भिंतीला उभी चिकटवा. सकाळी उठून प्रातर्विधी झाल्यावर, अनवाणी, अंबाडा किंवा वेणी सोडवून मुलीला टाचा, कुल्ले आणि पाठ भिंतीला लावून उभे करा. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या रेषेत आली पाहिजे. हनुवटी वर करून उंची वाढत नाही, उलट चुकते. तिला खोल श्वास घेऊन रोखायला सांगा आणि गवंड्याचा गुण्या एका बाजूने भिंतीला टेकवून दुसऱ्या बाजूने डोक्यावर दाबा. आकडा मिलिमीटरपर्यंत वाचा. तिला बाजूला करून पुन्हा उभे करा आणि पुन्हा वाचा. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर तिसऱ्यांदा घ्या.

दुसरे माप बसलेल्या उंचीचे, आणि ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. टणक स्टुलावर पाठ भिंतीला लावून बसवा, तसेच माप घ्या आणि त्यातून स्टुलाची उंची वजा करा. एकूण उंचीतून बसलेली उंची वजा केली की पायांची लांबी कळते. वाढीच्या काळात आधी पाय लांब होतात आणि धड मागाहून वाढते. त्यामुळे पायांची लांबी झपाट्याने वाढताना दिसली, की वेगाचा काळ आला असे समजावे. वय, वजन आणि ही दोन मापे वापरून तो काळ किती दूर आहे, हे काढण्याचे सूत्र कॅनडातील संशोधकांनी २००२ मध्ये मांडले. मात्र खूप लवकर किंवा खूप उशिरा वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत ते चुकते, म्हणून मी सूत्रापेक्षा वहीवर जास्त विश्वास ठेवतो. हे तीन महिन्यांतून एकदाच करा. दर महिन्याला मोजाल, तर अर्ध्या सेंटिमीटरच्या वाढीत आणि अर्ध्या सेंटिमीटरच्या चुकीत फरक कळणार नाही, आणि मुलीला मात्र काट्यावर चढवल्यासारखे वाटेल.

या नोंदीचा उपयोग केवळ चाचणीत दाखवण्यापुरता नाही. वेगाच्या काळात हाडे पुढे वाढतात आणि स्नायू व त्यांना हाडांशी जोडणारे बंध ताणले जातात. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेच्या मागे दुखू लागते. मुलगी अडखळते, धावण्याची वेळ बिघडते आणि शिक्षक म्हणतात, की आळस आला. तो आळस नसतो. तेव्हा उड्या आणि जोरात धावणे कमी करा, पूर्ण विश्रांती देण्याची गरज क्वचितच पडते. एरवीही तिला रोज ६०० मीटर जीव तोडून पळवू नका. आठवड्यातून दोनदा वेगाने धावणे पुरे. बाकीचे दिवस खो-खो, दोरीवरच्या उड्या, शेताच्या बांधाने सावकाश धावणे, आणि एक दिवस काहीच नाही. एप्रिल-मे महिन्यांत सूर्य वर येण्याआधी सराव संपवा.

एक माप मात्र कुणीच घेतलेले दिसत नाही, आणि तिच्या धावण्यासाठी ते उंचीपेक्षा महत्त्वाचे आहे. ते म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिन. बारा वर्षांच्या मुलीत ते दर शंभर मिलिलिटर रक्तात बारा ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर तिला रक्तक्षय आहे असे समजतात, आणि अशी मुलगी कितीही चपळ असली, तरी शेवटच्या दोनशे मीटरमध्ये तिचा दम तुटतो. विदर्भात सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजारही बऱ्याच समाजांत आढळतो, म्हणून त्याचीही तपासणी करून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात या दोन्हींची चौकशी करा. सिकलसेलची केवळ वाहक असलेली मुलगी खेळू शकते, पण तिला उन्हात एकदम जास्त पळवू नये, पाणी वरचेवर द्यावे आणि हे तिच्या शिक्षकांना माहीत असावे.

पावडर आणू नका. लटकल्याने हात आणि खांदे बळकट होतात, म्हणून तिला हौस असेल तर लटकू द्या, पण हाडे त्याने लांब होत नाहीत. तेच पैसे अंडी, दूध आणि शेंगदाण्यांवर खर्च करा. ज्वारीची भाकरी, तुरीचे घट्ट वरण, पालेभाजी आणि जवसाची चटणी हे तुमच्या घरचेच आहे, फक्त पोटभर आणि सरावानंतर लगेच मिळाले पाहिजे. तिचा बीएमआय कमी म्हणून तिला कोंबून खायला घालू नका, आणि उद्या कुणी 'धावायचे तर वजन उतरव' म्हणाले, तर तेही ऐकू नका.

शरीर मोजण्याची एक चांगली रीत आपल्याच भागातल्या एका खेळात रुजलेली आहे, ती सांगतो. नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनमध्ये कंपाउंड (टोकांना चाके बसवलेल्या धनुष्याच्या) तिरंदाजीचे जागतिक विजेतेपद मिळवले. तिरंदाजीत दोन्ही हात पसरून लांबी मोजतात आणि तिला साधारण अडीचने भागून धनुष्य किती खेचले जाईल, याचा अंदाज घेतात, म्हणजे धनुष्य खेळाडूच्या मापाचे निवडता येते. माप तिथेही घेतात, पण खेळाडूला काढण्यासाठी नव्हे, तर साधन त्याला बसावे म्हणून.

पुढच्या वर्षी त्याच चाचणीला जायचे का? जा, पण आदल्या संध्याकाळी पोहोचा, मापांची वही, जन्मदाखला आणि ६०० मीटरच्या नोंदवलेल्या वेळा बरोबर घ्या आणि तिला धावू द्यावे, अशी विनंती लेखी करा. तोवर एकदा अमरावतीला जमल्यास जाऊन या. तिथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून शारीरिक शिक्षणाचे काम करते आणि तिथल्या महाविद्यालयात ही मापे कशी घ्यायची हे समजावून सांगणारे कुणी भेटेल. अभ्यास की धावणे, हा प्रश्न मला पडत नाही. दिवसाचा एक तास मैदानाला दिल्याने सातवीची पुस्तके मागे पडत नाहीत.

तिला मैदानावर परत नेण्यासाठी मात्र समजूत घालू नका. वही तिच्याच हातात द्या, आकडे तिलाच लिहू द्या, आणि पहिल्या रविवारी आधी तिने तुमची उंची मोजावी, मग आईची, आणि शेवटी स्वतःची. दुसरे माप तीन महिन्यांनी येईल. तेव्हा कापसाची वेचणी चालू असली, तरी सकाळची पंधरा मिनिटे त्यासाठी राखून ठेवा.